खेळणारें मूल आणि पाहणारा डोळा



आपल्या किनाऱ्यावर भातकापणी आटोपली आणि थंडी पडूं लागली म्हणजे गांवोगांव कबड्डीचे सामने सुरू होतात, हें आपणांस ठाऊकच आहे. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड ह्या बाजूस ज्यास आपला संघ नाहीं असें गांव विरळा. अशाच एका गांवीं रात्रीं दिव्यांच्या उजेडांत मुलांचा अंतिम सामना चालला होता. शेवटल्या चढाईस आमच्या रविवारच्या शाळेंत येणारा एक तेरा वर्षांचा मुलगा गेला. गुणाची फार गरज होती. त्याची पकड झाली; मध्यरेषेपासून हातभर अंतरावर तो पालथा पडला, शिटी वाजली आणि सामना हातचा गेला. तो तेथेंच मातींत तोंड खुपसून रडूं लागला. मैदानाभोंवतीं पुष्कळ माणसें उभीं होतीं आणि बहुतेकांच्या हातीं मोबाईल होते. माझ्याही हातीं होता. मीं तें रडणें टिपलें. हेतु वाईट नव्हता. लेकरानें खेळांत किती जीव ओतला हें आपल्या मंडळीस दिसावें, एवढेंच मनांत होतें. मीं तें चित्र ओळखीच्या दहा-वीस जणांस पाठविलें. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत तें पांच गांवांत पोहोंचलें होतें, आणि वाटेंत कोणीं तरी त्याखालीं टवाळीचे शब्द जोडले होते. तो मुलगा आठवडाभर शाळेंत गेला नाहीं.

त्या आठवड्यांत जो प्रश्न माझ्या मनास लागून राहिला तोच आज आपणांपुढें ठेवितों. मुलांचा खेळ, त्यांचा जय आणि त्यांचें रडणें जगापुढें मांडणें हें उचित आहे काय? उचित असेल तर कोणत्या मर्यादेंत? आणि जो दाखवितो त्यावरच काय ती जबाबदारी असते, कीं जो नुसता पाहतो त्याच्याकडेही देव हिशेब मागेल? आपण पाप हातानें होतें व जिभेनें होतें असें समजतों. डोळ्यानेंही होतें हें आपणांस प्रभूनें शिकविलें असूनही तें आपण एकाच प्रकारच्या पापास लावितों. परंतु पाहणें हें सर्वत्र एक कर्म आहे. ज्याकडे आपण पाहतों त्याचें आपल्या पाहण्यानें कांहीं तरी होतें. तें वाढतें तरी अथवा कोमेजतें तरी.

ही गोष्ट आजची नव्हे. आपल्या देशांत चलच्चित्रांच्या अगदीं आरंभींच्या काळांतच खेळाचें चित्रण झालें. 1899 सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, ह्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें झालेल्या एका कुस्तीचें चित्रण केलें. हिंदी माणसानें ह्या देशांत घेतलेलें हें अगदीं पहिल्या चित्रांपैकीं एक मानितात. आज ज्यास आपण माहितीपट म्हणतों त्याचें बीज तेंच. पण एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ते कुस्तीगीर प्रौढ पुरुष होते. आपण आखाड्यांत उतरलों आहों, लोक पाहणार आहेत, कोणी तरी चीत होणार आहे, हें जाणून ते उतरले होते.

त्याच 1899 सालच्या जून महिन्यांत इंग्लंडांतील क्लिफ्टन येथील शाळेंत ए. ई. जे. कॉलिन्स नांवाच्या तेरा वर्षांच्या मुलानें दोन वसतिगृहांमधील एका साध्या सामन्यांत नाबाद 628 धावा काढिल्या. हा मुलगा आपल्या हिंदुस्थानांतच, हजारीबाग येथें जन्मलेला होता आणि त्या वेळीं पोरका झालेला होता. सामना अनेक दिवस चालला. बातमी वर्तमानपत्रांत गेली तशी पाहणारांची गर्दी वाढली. पुढें तो सैन्यांत अधिकारी झाला आणि 1914 सालच्या नोव्हेंबरांत ईप्रच्या रणांगणावर पडला. तो कसा मित्र होता, कसा पति होता, मरणास कसा सामोरा गेला, ह्याविषयीं जग कांहीं बोलत नाहीं. तेराव्या वर्षीं त्यानें काय केलें, एवढेंच शतकभर सांगितलें जात आहे. मुलास एकदां जगानें पाहिलें म्हणजे तें त्यास मोठें होऊं देत नाहीं, ह्याचा हा पहिला धडा.

कॉलिन्सचा तो उच्चांक 116 वर्षें टिकला. तो मोडला आपल्या शेजारींच, कल्याण येथें. 2016 सालच्या जानेवारीच्या 4 व 5 तारखेस भंडारी चषकाच्या शालेय सामन्यांत प्रणव धनावडे ह्या पंधरा वर्षांच्या मुलानें नाबाद 1009 धावा केल्या. वडील ऑटोरिक्षा चालवीत. एका दिवसांत त्या घरापुढें दूरचित्रवाणीच्या लोकांची रांग लागली. सचिन तेंडुलकर ह्यांनीं आपली बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट संघटनेनें पांच वर्षें दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ति जाहीर केली. गरिबाच्या लेकराचें कौतुक झालें ह्यांत कोणास आनंद होणार नाहीं? मलाही झाला.

परंतु त्याच सामन्याची दुसरी बाजू पाहा. धनावडे ह्याच्या शाळेनें 3 गडी बाद 1465 धावांवर डाव सोडिला. समोरच्या शाळेचे दोन डाव 31 आणि 52 धावांत संपले. त्या संघांत वयानें लहान अशीं बरींच मुलें होतीं, मोठीं मुलें परीक्षेमुळें आलीं नव्हतीं, असें त्या वेळच्या बातम्यांत आलें. दोन दिवस तीं मुलें चेंडूमागें धांवत राहिलीं. सगळ्या जगांत जें चित्र गेलें त्यांत तींही होतीं, पण कोणीं त्यांच्याकडे पाहिलें नाहीं. आणि ज्यांनीं पाहिलें त्यांनीं हांसण्यासाठीं पाहिलें. चौकटींत एक मूल मोठें दिसावें म्हणून चौकटीच्या कडेला अकरा मुलें लहान केलीं जातात, हें आपल्या ध्यानांतही येत नाहीं.

आणि ज्याचें कौतुक झालें त्याचें तरी काय? पुढें प्रत्येक मैदानावर लोक त्याच्याकडे हजार धावांच्या मापानें पाहूं लागले. वीस धावा काढून बाद होण्याचा जो हक्क प्रत्येक मुलास आहे तो त्यास राहिला नाहीं. त्याचा खेळ मंदावला, तेव्हां 2017 सालीं त्याच्या वडिलांनींच संघटनेस लिहून कळविलें कीं, ही शिष्यवृत्ति आतां थांबवावी. रिक्षा चालवून पोट भरणाऱ्या मनुष्यास दरमहा दहा हजार रुपये म्हणजे काय हें आपण जाणतों. त्या पत्राची बातमी झाली खरी, पण हजार धावांच्या मानानें ती लहानच होती. मला मात्र वाटतें कीं त्या दोन दिवसांत मैदानावर जें घडलें त्याहून ह्या पत्रांत अधिक मोठेपणा होता.

आतां माहितीपटांकडे वळूं. कारण बातमी एक दिवसाची असते, पण माहितीपट करणारा मुलाच्या घरीं महिनेंच्या महिने बसतो. विरार येथील पृथ्वी शॉ हा मुलगा चार वर्षांचा असतांना त्याची आई वारली. वडिलांनीं त्यास हातीं धरून वाढविलें. लोकलच्या गर्दींतून रोज मुंबईस खेळावयास नेलें. 2011 सालच्या विश्वचषकाच्या सुमाराचें क्रिकेटवेड दाखविणारा सुश्रुत जैन ह्यांचा माहितीपट 2013 सालीं निघाला. त्यांत ज्यांची कथा सांगितली आहे त्यांपैकीं हा एक मुलगा होय. त्याच 2013 सालच्या नोव्हेंबरांत त्यानें हॅरिस ढालीच्या सामन्यांत 546 धावा केल्या. 2018 सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, पहिल्याच कसोटींत त्यानें शतक झळकाविलें. पुढल्याच वर्षीं खोकल्याच्या औषधांतून मना असलेलें द्रव्य पोटांत गेल्यामुळें आठ महिन्यांची बंदी आली. आणि 2024 सालीं मुंबईच्या संघांतूनही त्यास वगळिलें. ह्या चढउतारांत त्याचे स्वतःचे दोष किती ह्याचा न्याय करणें माझें काम नव्हे. मी एवढेंच पाहतों कीं, त्या तरुणाच्या प्रत्येक चुकीवर बोलणारास त्याचें बाळपण हाताशीं तयार होतें. मोठ्या माणसास जें विस्मरण मिळतें तें त्यास मिळालें नाहीं. चित्र वाढत नाहीं, मूल वाढतें. आणि वाढलेल्या माणसास लोक त्या न वाढणाऱ्या चित्राशेजारीं उभें करून मापितात.

ह्याहून कठीण उदाहरण ओडिशांतील आहे. बुधिया सिंग हें अत्यंत गरीब घरचें मूल. बिरंची दास नांवाच्या ज्युदो शिक्षकानें त्यास आपल्या घरीं ठेवून धांवावयास शिकविलें. 2006 सालच्या मे महिन्यांत, चार वर्षांचें असतांना, हें मूल पुरीहून भुवनेश्वराच्या वाटेवर 65 किलोमीटर धांवलें. सात तास दोन मिनिटें लागलीं. रस्त्याच्या दुतर्फा लोक जयघोष करीत होते. नंतर सरकारानें अशा धांवण्यास मनाई केली. कोणी म्हणाले, शिक्षकानें मुलास उकिरड्यावरून उचलून राजा केलें. कोणी म्हणाले, त्यानें मुलाच्या हाडांवर आपली कीर्ति बांधिली. मुलास पुढें सरकारी क्रीडा वसतिगृहांत ठेविलें, आणि 2008 सालीं त्या शिक्षकाचा भुवनेश्वरांत गोळी घालून खून झाला. जेमा अटवाल ह्या बाईंनीं ही सर्व हकीकत कांहीं वर्षें जवळ राहून टिपली व 2010 सालीं तिचा माहितीपट केला. सरकार, शिक्षक, आई, वर्तमानपत्रें, सगळींच मुलास आपापल्याकडे ओढीत आहेत, हें त्या एका दिवसाच्या बातमींत दिसलें नसतें.

येथें कोणी वाचक म्हणेल, आणि योग्यच म्हणेल: “मग कॅमेरा नसताच तर बरें झालें असतें काय? बातमी झाली नसती तर कल्याणच्या मुलास मदत कोणीं केली असती? चित्रण झालें नसतें तर चार वर्षांच्या मुलास उन्हांत किती धांवविलें हें जगास कसें कळलें असतें? अंधारांत जीं कर्में होतात तीं उजेडांत आणावीं, हीच आपली शिकवण नव्हे काय?” ही हरकत मला मान्य आहे. आपल्याच खेड्यांत मुलांस कामास जुंपणें, मारणें, शाळेंतून काढणें हें झांकलें राहिल्यामुळेंच चालतें. झांकणें म्हणजे नेहमींच रक्षण करणें नव्हे. म्हणून कॅमेरा वाईट, वर्तमानपत्रें वाईट, असें म्हणून हात झटकतां येत नाहींत.

भेद दुसरीकडे आहे. आपण ख्रिस्ती लोक “साक्ष” हा शब्द फार वापरितों. साक्ष देणें आणि तमाशा दाखविणें ह्या दोहोंतही कांहीं तरी लोकांपुढें मांडलें जातें. पण दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. साक्षीदार जें पाहिलें तें दुसऱ्याच्या कल्याणासाठीं सांगतो आणि त्याची किंमत स्वतः भरतो. तमाशा दाखविणारा आपल्या लाभासाठीं दाखवितो आणि त्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करितो. तेव्हां मुलाचें चित्र घेणाऱ्यानें व पाहणाऱ्यानें आपणांस विचारावें: ह्याची किंमत कोण देत आहे? मीं त्या रात्रीं घेतलेल्या चित्राची किंमत मीं दिली नव्हती; त्या मुलानें दिली, एक आठवडा घराच्या कोपऱ्यांत बसून.

दुसरा भेद संमतीचा. प्रौढ मनुष्य “माझें चित्र घ्या” म्हणतो तेव्हां पुढें काय होईल हें तो थोडें तरी जाणतो. मूल जाणत नाहीं. आईबाप संमति देतात हें खरें. पण कधीं गरिबीमुळें देतात, कधीं अभिमानामुळें, आणि कधीं समोर मोठी माणसें आलीं म्हणून नाहीं म्हणण्याचें धैर्य होत नाहीं. शिवाय आईबाप हे मुलाचे धनी नव्हेत, विश्वस्त आहेत. ठेव ज्याची त्यास परत करावयाची असते. मुलाचें नांव, त्याची अब्रू, त्याचीं रडणीं आणि त्याच्या चुका ह्या त्याच्या ठेवी आहेत. मोठा झाल्यावर त्यांतल्या कोणत्या जगास सांगाव्या हें त्यानें ठरवावें. आपल्या देशानें 1992 सालीं बालहक्कांचा जागतिक करार मान्य केला. त्यांत मुलाचें म्हणणें ऐकून घेण्याचा आणि त्याचें खासगी जीवन राखण्याचा हक्क आहे. 2015 सालच्या बालन्याय कायद्याच्या 74 व्या कलमानें संकटांत सांपडलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. परंतु मैदानावर हरलेल्या मुलाचें रडणें कायदा झांकूं शकत नाहीं. कायद्याचें पांघरूण जेथें संपतें तेथून प्रीतीचें पांघरूण सुरू झालें पाहिजे.

आतां पवित्र शास्त्र काय दाखवितें तें पाहूं. दावीद तरुण असतांना त्याचा पराक्रम झाला आणि नगरोनगरच्या स्त्रिया गात बाहेर आल्या. त्यांच्या गाण्यांत दोन माणसांची तुलना होती. त्यांनीं दाविदास मोठा व शौलास लहान केलें. त्यांच्या मनांत कपट नव्हतें, त्या आनंदानें नाचत होत्या. पण त्या दिवसापासून शौलाची दृष्टि फिरली आणि त्या मुलामागें भाला लागला. स्तुति ही कांहीं केवळ गोड वस्तु नव्हे. विचार न करितां उधळली तर ती ज्याची स्तुति होते त्याच्या जिवावर उठते.

आपल्या प्रभूच्या बाळपणाकडे पाहा. ज्याचें जीवन साऱ्या जगास सांगावयाचें होतें त्याच्या जन्मानंतरच्या वर्षांविषयीं शुभवर्तमानकार बहुतेक मौन धरितात. बारा वर्षांचा असतांना तो मंदिरांत गुरुजनांत बसला, एवढी एकच हकीकत लूक देतो. आणि लागलीच सांगतो कीं तो आईबापांबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेंत राहिला. त्याच्या आईनें त्या सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणांत ठेविल्या. वाचकहो, तिनें त्या कोठें ठेविल्या ह्याकडे लक्ष द्या. मंदिरांतले पंडित थक्क झाले होते. तिनें मनांत आणिलें असतें तर त्या मुलास यरुशलेमांतच ठेवून त्याची कीर्ति करितां आली असती. तिनें त्यास घरीं नेलें. पुढें तो कित्येक वर्षें कोणाच्या नजरेंत न येतां सुताराच्या घरीं वाढत राहिला. देवाच्या पुत्रासही वाढावयास आडोसा लागला. मग आपल्या लेकरांस तो नको काय?

तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक बोध करिते. याईराची बारा वर्षांची मुलगी मरण पावली तेव्हां घरापुढें गलका झाला होता. रडणारे होते, ओरडणारे होते, आणि प्रभूनें आशेचा शब्द उच्चारितांच हांसणारेही तेच होते. प्रभूनें प्रथम काय केलें? त्यानें त्या सर्वांस बाहेर काढिलें. आईबाप आणि तीन शिष्य, एवढेच आंत राहिले. मग त्यानें मुलीचा हात धरिला. ती उठून चालूं लागली, तेव्हां हें कोणास कळूं देऊं नये असें त्यानें निक्षून सांगितलें, आणि तिला कांहीं खावयास देण्यास सांगितलें. एवढा मोठा चमत्कार. आणि त्याच्या शेवटीं जाहिरात नाहीं, जेवण आहे. ती मुलगी गर्दीची नव्हती, तिच्या आईबापांची होती. आणि तिला त्या घटकेस कीर्तीची नव्हे, भाकरीची गरज होती. तरीही ही हकीकत आपणांस कळली, कारण आंत राहिलेले साक्षीदार होते. म्हणजे प्रभूनें साक्षीदार ठेविले, गर्दी घालविली. ह्याहून स्पष्ट नियम मला ठाऊक नाहीं. आणि त्या साक्षीदारांनींही मुलीचें नांव सांगितलें नाहीं.

ह्या नियमानें जगाचा न्याय करण्यापूर्वीं आपण आपल्या घरांत पाहूं. 1897 व 1900 च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळांत मिशनांनीं हजारों अनाथ मुलांस आश्रय दिला. आपल्यांपैकीं कित्येकांचे पूर्वज त्या अनाथालयांतच वांचले. त्या काळच्या मिशनच्या मासिकांत व अहवालांत त्या मुलांचीं चित्रें छापलीं जात. हाडांचे सांपळे झालेलीं उघडीं लेकरें, आणि शेजारीं तींच लेकरें अंगावर स्वच्छ कपडे असलेलीं. तीं चित्रें पाहून दूरदेशच्या लोकांनीं पैसे पाठविले आणि त्या पैशांनीं प्राण वांचले, हें आपण कृतज्ञतेनें स्मरतों. तरी त्या मुलांस कोणीं विचारलें होतें काय? त्यांच्या नातवंडांनीं आपला आजा तसा पाहावा, अशी त्यांची इच्छा होती काय? आजही नाताळच्या कार्यक्रमांत एखादें लहान मूल पाठ केलेलें वचन विसरतें, ओठ थरथरतात, आणि सारी मंडळी हांसत मोबाईल वर करिते. एखाद्या व्यसनी बापाच्या मुलास आपण सभेंत उभें करून घरचें दुःख साक्ष म्हणून सांगावयास लावितों. आपला हेतु शुद्ध असतो. माझाही होता. शुद्ध हेतु हा चांगला आरंभ आहे. तेवढ्यानें काम संपत नाहीं.

मग करावें तरी काय? माझ्या गांवांतील बंधुभगिनींस, विशेषतः सुवार्तिक व रविवारच्या शाळेचे शिक्षक ह्यांस, मी कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. मुलाचें चित्र घेण्यापूर्वीं त्याच्या आईबापांस विचारावें, आणि त्यानंतर मुलासही विचारावें. मूल जिंकलें तर जिंकण्याबरोबर त्याच्या सोबत्यांचें व समोरच्या संघाचेंही नांव घ्यावें. मूल हरलें, पडलें किंवा रडलें तर मोबाईल खिशांत ठेवावा आणि पाण्याचा तांब्या हातीं घ्यावा. एका हातांत दोन्ही मावत नाहींत. दुसऱ्या कोणीं पाठविलेलें मुलाच्या फजितीचें चित्र आपणांकडे आलें तर तें पुढें पाठवूं नये. आपल्यापाशीं येऊन जी निंदा थांबली ती तेवढी तरी कमी झाली. एखाद्या मुलावर अन्याय होत असेल आणि त्याचा पुरावा ठेवणें जरूर असेल तर तो पुरावा गर्दीस न देतां ज्यास कांहीं करितां येईल अशा पालकास, शिक्षकास अथवा अधिकाऱ्यास द्यावा. आणि बाहेरचा कोणी चित्रकार आपल्या गांवांतील मुलांवर चित्रपट करावयास आला तर त्यास हांकलूं नये. पण तो किती दिवस राहणार, मुलानें मध्येंच नको म्हटलें तर थांबणार काय, आणि चित्र पुरें झाल्यावर प्रथम त्या मुलास दाखविणार काय, हें त्यास विचारावें. जो साक्षीदार आहे तो ह्या प्रश्नांनीं रागावणार नाहीं.

शेवटीं त्या कबड्डीच्या मुलाकडे परत येतों. आठवड्यानंतर मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई ओटीवर सोडे निवडीत होती. तिनें मला बसावयास सांगितलें, पण फार बोलली नाहीं. मीं मुलाची क्षमा मागितली आणि त्यास म्हटलें, “बाळा, मीं तें चित्र माझ्या मोबाईलमधून पुसून टाकिलें आहे. ज्यांना ज्यांना पाठविलें होतें त्यांनाही पुसावयास सांगितलें आहे.”

तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, “मास्तर, सगळंच पुसलंत? त्यांत माझी पहिल्या डावांतली चढाई पण होती. तिघांना बाद केलं होतं मी.”

मी निरुत्तर झालों. चित्र घेतांना मीं त्यास विचारलें नव्हतें. आणि पुसतांनाही विचारलें नव्हतें. पहिली चूक मीं कौतुकानें केली आणि दुसरी पश्चात्तापानें, पण दोन्ही वेळां त्या मुलाच्या वस्तूविषयीं निर्णय मींच घेतला. आपला प्रभु आंधळ्या बार्तीमयास समोर उभा पाहून, त्याचें दुःख उघड दिसत असतांही, मी तुझ्यासाठीं काय करावें असें त्यास विचारितो. सर्व जाणणारा विचारितो, आणि आम्ही कांहीं न जाणणारे विचारीत नाहीं.

मीं त्या मुलास ती चढाई सांगावयास सांगितली. तो उठून उभा राहिला आणि अंगणांतल्या अंगणांत पाय आंखून त्यानें मला दाखविलें कीं डावा कोपरा कसा हुलकावला, मधल्यास हात कसा लागला, आणि मागून पाय धरणाऱ्यास घेऊन तो रेषेपर्यंत कसा आला. आईनें काम थांबवून पाहिलें. तिघेंच होतों. तें चित्र कोणाच्याही मोबाईलमध्यें नाहीं. मग आईनें त्यास हांक मारून आंत नेलें आणि ताटावर बसविलें.

बंधूंनो व भगिनींनो, ज्या देवाची दृष्टि आपणां सर्वांवर आहे तो आपणांकडे जसा पाहतो, आपलें पडणें झांकून व आपलें उठणें स्मरून, तसें आपल्या लेकरांकडे पाहावयास तो आपणांस शिकवो. आमेन.